नागिणीचं नाव राहिलं

छाती आवळणं आणि पाठीच्या वरच्या भागातलं दुखणं यामागे हृदयविकार, पित्त, स्नायूंचा ताण अशी कारणं तुमच्या या दुखण्यावरच्या लेखात आलीत. नागीण (अंगावर पट्ट्यात पाण्याचे फोड उठणारा आजार, हर्पीज झोस्टर) राहिली, म्हणून लिहितेय.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंना (वय ७१, मधुमेह) डाव्या खवाट्यापासून छातीपर्यंत पट्टा करकचून बांधल्यासारखं व्हायला लागलं. ओवा-काळं मीठ देत बसलो नाही, थेट ईसीजी काढला. मधुमेह असला की हार्ट अटॅक छातीत फारसं न दुखताही येतो, तेव्हा ते आधी बघायलाच हवं. ईसीजी दोनदा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्तचाचणी), सगळं नॉर्मल. मग ‘गॅसच आहे’ म्हणून गोळ्या. पण त्यांना ब्लाउजचं कापडसुद्धा तिथे सोसेना. नागिणीची शंका तेव्हाच यायला हवी होती, नाही आली. चौथ्या दिवशी सकाळी बरोब्बर त्याच पट्ट्यावर पाण्याचे फोड! कांजिण्यांचाच विषाणू हा, मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो, त्या लगेच मिळाल्या. शेजारच्या काकू फोडांवर लावायला वाटीत गेरू कालवून घेऊन आल्या होत्या. त्यांना चहा पाजून वाटी तशीच परत दिली.