एन्ड्युरन्सच्या घोड्याला मॉनिटर नको म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

एन्ड्युरन्स, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या रायडिंग ग्रुप्सवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. हार्ट रेट मॉनिटर, म्हणजे घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजणारं मशीन, हे श्रीमंतांचं फॅड, घाम आणि श्वास बघून जुन्या माणसाला सगळं कळतं, मशीन खोटे आकडे दाखवतं, आणि वेट गेटला (टप्पा संपल्यावर घोड्याची तपासणी होते तिथे) डॉक्टर तपासतातच, तिथे मिनिटाला 64 ठोके आले की घोडा फिट, असं त्यात म्हटलंय. नवीन मुलं हे खरं धरून चाललीत म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी घाम आणि श्वासाचं. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि आपल्या खारघर-पनवेल पट्ट्यात पावसाच्या तोंडावर हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, घोडा नुसता उभा असला तरी ओलाचिंब, मग त्यावरून मेहनत किती झाली ते कसं ओळखणार? श्वासाचंही तेच. अशा उकाड्यात घोडा अंगातली उष्णता बाहेर टाकायला भराभर श्वास घेतो, कधी कधी मिनिटाला श्वास ठोक्यांपेक्षा जास्त होतात आणि तरी ठोके छान 56 वर आलेले असतात. याच्या उलट झालं तर जास्त भीती, म्हणजे श्वास शांत दिसतोय पण ठोके 80 वर अडकलेत, कारण पोटात दुखतंय नाहीतर पाय दुखतोय किंवा अंगातलं पाणी कमी झालंय. जुन्या सईसांच्या नजरेला मी मानतो, चंदी अर्धी सोडली एवढ्यावरून त्यांना आजार कळतो, पण खोगिराखाली चाललेले ठोके कुणाच्याच नजरेला दिसत नाहीत.

वेट गेटला डॉक्टर तपासतात हे बरोबर, पण लूप, म्हणजे राइडचा एक टप्पा, संपल्यावर. मोठ्या 160 किमीच्या राइडमध्ये एक लूप 40 किमीपर्यंत असू शकतो, त्यात मध्येच काही बिघडलं तर सांगणार कोण? घोड्याचे ठोके आरामात साधारण 28 ते 44, एकसारख्या दुडकीत 120-150 च्या आसपास, आणि पूर्ण जोर लावला तर 220-240 पर्यंत जातात. आता समजा तोच चढ, तोच वेग, गेल्या आठवड्यात 130 होते आणि आज 150 दाखवतंय, तर काहीतरी बिनसलंय, वेग कमी करा. मॉनिटरचा खरा उपयोग हाच आहे. उत्साही घोडा दमला तरी थांबत नाही हो, त्याला थांबवायचं काम आपलं आहे.

मशीन खोटे आकडे दाखवतं हे अर्धं खरंय. एक इलेक्ट्रोड डावीकडे खोगिराखाली, दुसरा कोपरामागे तंगाखाली (खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली), आणि केस कोरडे असले तर आकडा उड्या मारणारच, म्हणून आधी भरपूर पाणी लावायचं. घोड्याच्या ईसीजीत टी वेव्ह (प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी लहर) मोठी असते, ती वेगळा ठोका म्हणून मोजली गेली की 40 चे एकदम 80 होतात. शंका आली की स्टेथोस्कोप लावा. पण कानही चुकतो, नवीन माणूस एकाच ठोक्याचे लब आणि डब हे दोन आवाज दोन ठोके धरतो आणि आकडा दुप्पट, शिवाय 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याच्या चुकीने चारचा फरक पडतो. आणि तयारीच्या घोड्याचा आरामात मधूनच एखादा ठोका गाळला जातो, घोडा चालायला लागला की ते थांबतं, त्याला घाबरू नका.

फॅडबद्दल एवढंच, की तबेल्यातल्या चार जणांनी मिळून एक घेतला तरी काम भागतं.

राहिलं 64. त्या आकड्याच्या आत येणं ही गेट पार करायची अट आहे, तब्येतीचं सर्टिफिकेट नाही, म्हणून तर डॉक्टर हिरड्या, कातडी, आतड्यांचा आवाज आणि चाल पण बघतात. घोड्याला दुडकीत नेऊन आणायचं आणि दुडकी सुरू केल्यापासून एक मिनिटाने परत मोजायचं अशीही एक टेस्ट आहे, त्यात 60 चे 60 किंवा कमी आले तर ठीक, 68 झाले तर घोडा अजून सावरलेला नाही. शिवाय 64 वर यायला 4 मिनिटं लागली की 14 यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून रोज खोगीर चढवण्याआधीचे ठोके, उतरल्यावर 2 मिनिटांनी आणि 10 मिनिटांनी किती ते वहीत लिहा, सोबत त्या दिवशीची हवा कशी होती तेही, कारण डिसेंबरमधला आकडा मे महिन्याशी लावून काही कळणार नाही.