200 चौरस फुटांच्या शेडलाही झोनिंग लागतंच

उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: अंगणातल्या 200 चौरस फुटांपर्यंतच्या शेडला (सामान ठेवायच्या खोलीला) परमिट लागत नाही. पाया न घालता ब्लॉकवर ठेवली, तर ते बांधकामच नव्हे. कुंपणाला चिकटवायची असेल तर शेजाऱ्याकडून लेखी संमती घ्या. एवढं करूनही टाउनशिपने हटकलं, तर फी भरून व्हेरियन्स (नियमातून सूट) घ्या, तो मिळतोच. नवं घर घेतलेली कितीतरी कुटुंबं यावर विसंबून शेड मागवतात आणि पैसे घालवून बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

परमिटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं. घराच्या आवारातली शेड 200 चौरस फुटांच्या आत असेल, 10 फुटांहून उंच नसेल आणि तिला पाणी, गॅस, तेल किंवा सांडपाण्याची जोडणी नसेल, तर राज्याच्या बांधकाम संहितेनुसार कन्स्ट्रक्शन परमिट लागत नाही. पण झोनिंगची, म्हणजे जागेवर काय आणि कुठे उभारता येईल याची, परवानगी वेगळी, आणि तिचे नियम टाउनशिपच्या ऑर्डिनन्समध्ये (स्थानिक कायद्यात) असतात. हद्दीपासून किती फूट सोडायचे, घराच्या बाजूला शेड चालते की फक्त मागे, हे गावागणिक आणि गावातल्या झोनगणिक बदलतं. एडिसनमधल्या मित्राने किती फूट सोडले, त्यावरून दुसऱ्या टाउनशिपमध्ये शेड ठेवता येत नाही.

‘ब्लॉकवर ठेवली म्हणजे बांधकाम नाही’ हे तर साफ चूक. राज्याच्या 1975 च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये (जमीनवापराच्या कायद्यात) ‘स्ट्रक्चर’ची व्याख्या आहे: वापरासाठी, राहण्यासाठी किंवा शोभेसाठी साहित्य जोडून केलेली रचना, मग ती जमिनीवर असो, जमिनीच्या वर असो की खाली. पायाचा त्यात उल्लेखही नाही.

शेजाऱ्याच्या संमतीचं म्हणाल, तर मनाने ती घ्यावीच, शेजारधर्म आहे. पण अंतराचा नियम टाउनशिपचा आहे. तो माफ करणं शेजाऱ्याच्या हातात नाही, आणि उद्या त्याने घर विकलं तर नवा मालक त्या चिठ्ठीला बांधलेला नाही. शेड कुंपणाला टेकली की छपराचं पाणी पलीकडच्या अंगणात पडतं, मागची भिंत रंगवायला उभं राहायलाही जागा उरत नाही, आणि आग लागली तर ती पलीकडे जायला वेळ लागत नाही. शिवाय कुंपण म्हणजे हद्द नव्हे. आधीच्या मालकाने ते फूटभर आत किंवा बाहेर घातलेलं असू शकतं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने कुंपणापासून टेप लावून मोजलं. नंतर जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्याला हद्दीच्या कोपऱ्याची खूण असलेली लोखंडी पिन गवताखाली सापडली, ती कुंपणाच्या बरीच आत. सामानाने भरलेली शेड रिकामी करून सरकवावी लागली.

आता व्हेरियन्स. फी भरली की अर्ज विचारात घेतला जातो, एवढंच. सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी 200 फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना नोटीस द्यावी लागते, ती जाहीर प्रसिद्धही करावी लागते. टाउनशिपच्या झोनिंग बोर्डापुढे अर्जदार शपथेवर बोलतो, आणि कोणीही येऊन प्रश्न विचारू शकतं. तिथे ‘मुलांच्या सायकली ठेवायला जागा नाही’ हे कारण चालत नाही, कितीही खरं असलं तरी. अडचण जमिनीची असावी लागते: प्लॉट विलक्षण अरुंद, उथळ किंवा वेडावाकडा, उतार अवघड, किंवा आधीच कायदेशीरपणे उभ्या असलेल्या घरामुळे दुसरी जागाच उरलेली नाही. दुसरी वाट अशी की, नियमातून सूट दिल्याने होणारा फायदा नुकसानीपेक्षा ठळकपणे जास्त आहे हे दाखवायचं. आणि तो फायदा फक्त घरमालकाचा असून भागत नाही. दोन्ही वाटांवर हेही पटवावं लागतं की लोकहिताला मोठी बाधा येत नाही आणि झोनिंगच्या आराखड्याला धक्का लागत नाही. आधी शेड उभी केली आणि आता हलवायला खर्च येतो, ही ओढवून घेतलेली अडचण झाली.

याचा अर्थ व्हेरियन्स मिळतच नाही, असा मुळीच नाही. घाबरून अर्जच न करणारेही मला भेटतात, आणि त्यांच्यासाठी नॉर्थ कॉल्डवेलचा खटला सांगण्यासारखा आहे. तिथल्या एका अरुंद प्लॉटवर मागच्या अंगणात पोहण्याच्या तलावासाठी बोर्डाने व्हेरियन्स दिला. शेजारी कोर्टात गेले. 1999 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचा निर्णय कायम ठेवला. सूट मिळाली नाही तर जमीन अगदी निरुपयोगी ठरेल असं सिद्ध करण्याची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ज्याचा प्लॉट खरोखर अडचणीचा आहे, त्याने सर्व्हे आणि फोटो घेऊन अवश्य जावं. स्वतःच्या घरासाठी वकिलाशिवायही बाजू मांडता येते.

व्हेरियन्समुळे ड्रेनेज इझमेंट (पाण्याच्या निचऱ्यासाठी राखलेल्या पट्ट्यावरचा हक्क) उठत नाही आणि एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) परवानगीही आपोआप मिळत नाही; ती दोन्ही आधी बघा. त्याहीआधी झोनिंग ऑफिसरला सर्व्हेच्या प्रतीवर शेडची जागा आखून दाखवा. आणि बोर्डाने होकार दिला तरी शेडची ऑर्डर लगेच देऊ नका. निर्णयाची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 45 दिवस शेजाऱ्याला सुपीरियर कोर्टात दाद मागता येते. अर्ज फेटाळला गेला, तर तेवढीच मुदत तुम्हालाही असते.