‘पेशी कोणतीही असो, केमो तीच’ हे खरं नाही

ल्युकेमियाबद्दल, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाबद्दल, एक संदेश फार फिरतो आहे: ‘रोग कोणत्या पेशीतून उगवला हे शोधणं म्हणजे नावांचा खेळ. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतेच, फार तर एखादा मार्कर (पेशीची ओळख सांगणारं प्रथिन) तपासा. शेवटी सगळ्यांना केमो तीच.’ यावर विसंबून कुणी तपासण्या टाळू नयेत, म्हणून हे उत्तर.

पेशी दिसतेच? हेअरी सेल ल्युकेमिया या दुर्मीळ आजाराचं सविस्तर वर्णन १९५८ मध्ये झालं. पेशीच्या कडेला केसांसारखे तंतू, ओळखायला इतकी ठळक खूण. तरी ती पेशी मुळात कोण, यावर पुढे वीसेक वर्षं वाद चालला. ती बाहेरचे कण गिळताना दिसे, म्हणून अनेकांना ती मोनोसाइट (कण गिळणारी पांढरी रक्तपेशी) वाटली. उलगडा केला तो जनुकांनी. बी पेशी (संसर्गाशी लढणारी अँटिबॉडी प्रथिनं बनवणारी पांढरी रक्तपेशी) घडताना आपली अँटिबॉडीची जनुकं कापून नव्याने जोडते, आणि ही जोडणी तिच्या सगळ्या वंशजांत तशीच उतरते. मोनोसाइट असं करत नाही. १९८३ मध्ये हेअरी पेशींत अशी जोडणी सापडली आणि त्या बी पेशी ठरल्या. डोळ्यांनी हे कधीच कळलं नसतं.

एक मार्कर पुरतो? सीडी५६ हा एनके (नॅचरल किलर) या पांढऱ्या रक्तपेशींचा मार्कर. बहुधा त्वचेवर आधी दिसणाऱ्या एका आक्रमक रक्तकर्करोगात तो सापडला, म्हणून २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्या रोगाला एनके पेशींचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) म्हटलं गेलं. प्रत्यक्षात तो प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक या वेगळ्याच रोगप्रतिकारक पेशींचा निघाला आणि २००८ मध्ये वर्गीकरण बदललं. या पेशींवर भरपूर असलेल्या सीडी१२३ या मार्करवर नेम धरणारं टॅग्राक्सोफस्प हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

‘केमो तीच’ हा दावा सर्वांत घातक. हेअरी सेलमध्ये क्लॅड्रिबिन या केमो औषधाच्या एकाच कोर्सनंतर अनेकांचा आजार वर्षानुवर्षं शांत राहतो. पेशी बी वंशाची असल्यामुळे बी पेशींवर नेम धरणारं रिटुक्सिमॅबही उपयोगी पडतं. २०११ मध्ये जवळपास सर्व रुग्णांत बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल आढळला, त्यामुळे आजार उलटल्यास या बदलावर नेम धरणाऱ्या वेमुराफेनिब या औषधाचा मार्ग उघडला. पण बऱ्याच अंशी तशाच दिसणाऱ्या ‘व्हेरियंट’ प्रकारात तो बदल नसतो, सहसा सीडी२५ हा मार्करही नसतो, आणि एकटं क्लॅड्रिबिन तिथे बऱ्याचदा तोकडं पडतं.