आधी खिसा बघा

जुन्या रेल्वे-सेविकांच्या गणवेशांवरचा लेख वाचला. आखूड स्कर्टच्या त्या जमान्याला 'रुबाबदार' म्हटलंय, ते मला पटलं नाही.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं गणवेश शिवते. फोटो बघताना माझी नजर आधी शिवणीवर जाते. त्या स्कर्टला खिसा नाही, घेर नाही. हेलकावे खाणाऱ्या डब्यात हातात ट्रे घेऊन बाईनं वाकायचं कसं? अमेरिकेत युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीनं १९३५ साली गाडीत सेविका नेमल्या त्या शिकलेल्या नर्स होत्या. म्हणजे काम जबाबदारीचंच होतं, पुढं नुसतं दिसणं उरलं.

आणि हे फक्त तिकडचं नाही हो. आपल्याकडं एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागायची. सुप्रीम कोर्टानं तो नियम १९८१ साली रद्द केला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न नको, ही अट तशीच ठेवली!

गेल्या वर्षी एका हॉटेलची ऑर्डर आली. पुरुषांच्या पँटला चार खिसे, मुलींच्या एकालाही नाही. का, तर "फिटिंग बिघडतं." मी मुलींच्या कुर्त्यांना उजव्या बाजूच्या शिवणीत वीतभर खोल खिसा घातला, बाहेरून दिसतसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी त्यातली एक मुलगी दुकानात आली. मोबाईल, पेन, रुमाल, सगळं खिशातून काढून दाखवलं आणि म्हणाली, "काकी, दुसऱ्या जोडालापण घाला."