कितवा अटेंप्ट गो बाय?

आज एका बारशाला गेले होते. कुणाच्या ते सांगत नाही, बाळ गोड आहे, घुगऱ्या छान झाल्या होत्या, तो विषयच नाही. विषय असा की काल २०२५ च्या नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला, आणि आमच्या शेजारची पोर तिथे पाण्याचा ट्रे घेऊन फिरत होती, आणि एका आजीबाईंनी भर पडवीत, वीस-पंचवीस माणसांसमोर, तिला विचारलं, "काय गो बाय, परत नापास झालीस?"

नापास!

ट्रेमधले ग्लास एकमेकांवर वाजले. पोर हसली. ते हसू मला पाठ आहे, माझ्या घरात तीन वर्षं मुक्कामाला होतं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प घरी आले असते, पण खुर्चीत बसलेले एक रिटायर गृहस्थ म्हणाले, "रिपीटर डॉक्टरकडून मी तर इंजेक्शनसुद्धा घेणार नाही." रिपीटर म्हणजे पहिल्यांदा जमलं नाही म्हणून परत परीक्षेला बसलेला. आणि लोक हसले. मी काही बोलले नाही, तोंडात घुगऱ्या होत्या हे कारण नाही, बोलायला हवं होतं. घरी येऊन कुकर लावलाय आणि फोन घेऊन बसलेय, पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

पहिली गोष्ट, ती पोर नापास नाही. यंदा जनरलला क्वालिफाय व्हायला १४४ लागत होते ७२० पैकी, तिला चारशे अडतीस आहेत. पण क्वालिफाय झालं म्हणजे कॉलेज मिळालं असंही नाही, बावीस लाख पोरं बसली, बारा लाखांच्या वर क्वालिफाय झाली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सीट मोजल्या तर सव्वा लाखाच्या आसपासच भरतात. त्यामुळे अर्धं गाव म्हणतं नापास आणि उरलेलं अर्धं म्हणतं "अगो क्वालिफाय झालीस ना, मग पेढे कुठायत?" ह्या दोन्हींच्या मध्ये पोरीने उभं कुठे राहायचं ते सांगा.

आता माझं सांगते. काही जणांना अर्धवट माहितीये, अर्धवट मीच सांगितलं होतं, का ते पुढे येईल.

१७ जुलै २०२२, रविवार. माझ्या मोठीचा पहिला नीट. सेंटर आलं कोल्हापूर. आदल्या दिवशी देवरुखातून निघून माझ्या बहिणीकडे मुक्काम केला. पाऊस नुसता ओतत होता. कानातले काढा, लांब बाह्या नकोत, बूट नकोत, पाण्याची बाटली आरपार दिसणारी हवी, गेटवर पोरी अशा तपासत होते जसं काही बोकड पळवून आणलाय. दोन ते पाच वीस पेपर. बाहेर आली, गाडीत बसली, एक अक्षर नाही. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाटात धुकं असं की पुढच्या ट्रकचा दिवाही दिसेना. मध्येच म्हणाली गाडी थांबवा. उतरून ओकली. मी एका हाताने छत्री धरून पाठीवरून हात फिरवत होते. तोंड पुसून म्हणाली, "आई, सगळ्यांना सांग ना मी पेपरच दिला नाही म्हणून. ताप आला होता सांग."

सतरा वर्षांची होती हो. महिन्याभरापूर्वीच बारावीला ९१ टक्के आले होते, बाजारपेठेत फ्लेक्सवर फोटो झळकला होता, कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं असतं ह्या कौतुकातच आपण सगळे दंग असतो ना. नीट वेगळीच चीज आहे, ते एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकातल्या ओळीच्या ओळी विचारतात, आमच्या पोरांच्या हातात स्टेट बोर्डाची पुस्तकं. लातूरच्या पोरांना हे आठवीपासून ठाऊक, आम्हाला कळलं बारावीच्या दिवाळीत.

३१२ आले. मग रिपीट केलं.

आता ह्यात लपवण्यासारखं काय आहे? नियमात रिपीट करणं गुन्हा नाहीये. अटेंप्टला लिमिट नाही. वयाची वरची अट होती तीसुद्धा २०२२ मध्ये काढून टाकली. जुने मार्क कुणी बघत नाही, बघूच शकत नाही, त्या वर्षीचा स्कोअर त्या वर्षापुरता, पुढच्या वर्षी पाटी कोरी. स्कोअरकार्डवर कितवा अटेंप्ट ते छापलेलं नसतं. दोघांचे मार्क सेम आले तर आधी बायोलॉजी बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, "हा पहिल्यांदाच बसलाय म्हणून ह्याला वरचा नंबर" असं कुठेच नाही. प्रवेशाच्या कॅप राउंडला मधल्या गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट मागतात, एक कागद द्यायचा आणि मोकळं व्हायचं. सरकारला एका कागदात समाधान आहे. गावाला मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला, एसटी स्टँडवर, मच्छीवालीच्या टोपलीसमोर नवीन अ‍ॅफिडेव्हिट लागतं.

ह्याच्या उलट गंमत ऐका. माझ्या चुलत नणंदेचा मुलगा न्यू जर्सीला, त्याला तिकडे डॉक्टर व्हायचंय. तिकडची परीक्षा एमकॅट, मार्क ४७२ ते ५२८ मध्ये (हे असे आकडे कुठून काढले देव जाणे). तिकडे एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि अख्ख्या आयुष्यात सातदाच बसता येतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळचा स्कोअर कॉलेजला दिसतो. कोण सगळ्यात चांगला धरतं, कोण शेवटचा, कोण सरासरी काढतं. म्हणजे दुसऱ्यांदा दिली आणि मार्क पडले तर तेही तिथे लिहिलेलं. ह्याने दोनदा दिली. आणि घरात त्याचं नाव काय? "अमेरिकेत डॉक्टर होतोय." रिपीटर म्हणायची कुणाची टाप नाही! म्हणजे जिथे अटेंप्ट खरोखरच मोजतात तिथल्या पोराचे आम्ही मोजत नाही, आणि जिथे कुणी मोजत नाही तिथल्या पोरींचे बोटांवर मोजतो. पोरींचेच हां. मुलगा रिपीट करतो तेव्हा "जिद्द आहे पोरात", मुलगी करते तेव्हा "लग्नाचं काय?"

थांबा, कुकर बंद करून येते.

हं. तर दुसरा अटेंप्ट, मे २०२३, ४७१ आले. तिसरा, मे २०२४, ५९८. रिझल्ट लागला ४ जूनला, सगळं घर टीव्हीवर लोकसभेचं काउंटिंग बघत होतं आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत. पाचशे अठ्ठ्याण्णव बघून मी देवासमोर साखर ठेवली. मग रँक बघितली, ऐंशी हजारांच्या पुढे. आदल्या वर्षी तेवढ्याच मार्कांना तीस हजारांच्या आसपास रँक होती. त्या वर्षी ७२० पैकी ७२० वाले सदुसष्ट निघाले, काहींना ग्रेस मार्क, मग कोर्ट, मग त्या ग्रेसवाल्या दीड हजार पोरांची परत परीक्षा, सगळा तमाशा तुम्ही बघितलाच आहे. साडेसहाशे मार्क घेतलेली पोरंसुद्धा रडत होती. आणि यंदा? देशात पहिल्या आलेल्याला ६८६. यंदा ५५० वाला बारा हजारांच्या आसपास आहे, गेल्या वर्षी तोच लाखाच्या पलीकडे होता. मार्क म्हणजे सुरमईचा भाव आहे हो, बंदरावर त्या दिवशी माल किती उतरला त्यावर ठरतो, मासा तोच असतो. यंदाचा पेपर अवघड होता, फिजिक्सने पोरांना रडवलं, तेव्हा माझी यंदा बसली असती तर ५९८ आले नसते हे मलाही कळतं, कमेंटमध्ये समजवायला येऊ नका.

सांगायचं एवढंच की वर्षातून एक दुपार, तीन तास, त्या दिवशी ताप आला, पाळी आली, पेपर वेडावाकडा निघाला, की पुढची संधी थेट बारा महिन्यांनी. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनवाल्यांना वर्षात दोनदा बसायला मिळतं, चांगला स्कोअर धरतात. डॉक्टर होणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? मग पोरं रिपीट नाही करणार तर काय करतील?

हो, पैसा लागतो. रिपीटर बॅच, होस्टेल, टेस्ट सिरीज, आमची एफडी मोडली त्यात. आणि काही पोरं चौथ्या-पाचव्या वर्षात रुतून बसतात, त्यांना कुणीतरी हात धरून बाहेर काढायला हवं, हे मान्य. पण ते हात धरून करतात, पडवीत ट्रे घेऊन उभ्या पोरीला नापास म्हणून नाही.

आणि त्या इंजेक्शनवाल्या काकांना एक विचारायचंय. आपल्याकडे रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं की काय करतो आपण? गाडी काढतो आणि कोल्हापूर गाठतो. त्याच आंबा घाटातून, त्याच धुक्यातून. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये आणि रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा आपणच नाचलो ना, आता आपली पोरं डॉक्टर होतील म्हणून? त्या वर्गात जाऊन विचारा बरं, किती जण पहिल्या फटक्यात आले. पेशंटला सुई टोचताना डॉक्टरचा अटेंप्ट कळत नाही काका, त्याचा हात हलका आहे की जड तेवढंच कळतं.

माझी आता बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला आहे. "तीनदा देऊन शेवटी बीएएमएसच?" हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की म्हणणाऱ्याने तोंड उघडलं की पुढचं मीच पूर्ण करते.

इथपर्यंत टाइप केलं आणि सगळं परत वाचलं. सगळी पोस्ट लोकांना शिव्या घालण्यात गेलीये. तर जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

घाटात ती म्हणाली ना, ताप आला होता सांग. मी सांगितलं. खरंच सांगितलं. घरी आल्या आल्या शेजारी, मग ऑफिसात, मग फोनवर दोन्ही नणंदांना, "तापाने फणफणली होती, पेपर अर्धवट सोडून आली." त्या वर्षी रिझल्ट लागला ७ सप्टेंबरच्या रात्री, घरात गणपती, आमचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा, मुंबईचे सगळे चाकरमानी आलेले, माजघरात अंथरुणं पसरलेली. रात्री बारा वाजता पोर परसदारी मोबाईलच्या उजेडात ३१२ बघत बसलेली आणि मी तिला काय म्हटलं? "पुढे येऊ नको आत्ता, सगळे जागे आहेत." आणि पुढच्या वर्षी तर मी कमालच केली. २०२३ च्या गणपतीत तिला कोल्हापूरला मावशीकडे पाठवलं. अभ्यासासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. लहानपणापासून एकही गणपती चुकवला नव्हता तिने, आरतीला झांजा तिच्याच हातात असायच्या. त्या वर्षी तिने व्हिडीओ कॉलवर आरती बघितली आणि मोदक मी बसने पाठवले, ते पोचेपर्यंत आंबले.

तेव्हा आजीबाईंनी तोंडावर विचारलं. मी पोरीचं तोंडच दिसू दिलं नाही. काय जास्त वाईट ते तुम्ही ठरवा.

मघाशी तिला होस्टेलवर फोन लावला आणि बारशाचा सगळा किस्सा तावातावाने सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, पण तू तिला विचारलंस का, पेपर कसा गेला?" नव्हतं विचारलं. तिथेही नाही, नंतर गेटपाशी भेटली तेव्हाही नाही. मला एकदम आठवलं, घाटात पण मी विचारलं नव्हतं. साखरप्याला चहा घेतला, वडापाव घेतला, ती नको म्हणाली, मी खा खा करत राहिले, पण पेपरात नक्की काय झालं ते आजतागायत मला माहीत नाही.

मोठीची पुस्तकं माळ्यावर आहेत, यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय तेव्हा ओल लागली नसेल तर बरं, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली होती. ह्यांना शिडी लावायला सांगितलंय. सिलॅबसमधून मध्ये काही धडे काढलेत, ते कुठले ते ती मला व्हॉट्सअ‍ॅप करणार आहे, मी पेन्सिलने खुणा करून ठेवीन आणि उद्या सकाळी शेजारच्या पोरीला देऊन येईन. तिचे आईबाप ऑफिसला गेल्यावर जाईन म्हणते, म्हणजे ती एकटी असेल.