कमलाचा हात: ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि दोन दिवस जाऊ देऊन मग लिहायला बसले. ‘मिस मार्व्हल’ म्हणजे कमला खान या शाळकरी सुपरहिरोची गोष्ट; तिचा पहिला कॉमिक संग्रह आणि त्यावरची मालिका यांच्याबद्दल मी लिहिलं, त्यात आधी पुस्तक वाचलेल्या माणसाचा तोरा आहे, असं तुम्ही म्हणता. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हेच मी घोळवत राहिले. फाळणीचा भाग बघताना तुमच्या शेजारच्या सिंधी आजी रडल्या आणि मी तो एका ओळीत उरकला. शिवाय हजार-बाराशेचं पुस्तक ज्यांना परवडत नाही, त्यांना मालिकाच बघावी लागते, याचा मला विसर पडला.

आजींपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेला तो पाचवा भाग मी परवा पुन्हा पाहिला. १९४७ सालचं स्टेशन, कराचीकडे निघालेली गाडी आणि गर्दीत वडिलांपासून तुटलेली एवढीशी सना, कमलाची आजी. आपल्याकडे कोपरीत आणि पलीकडे उल्हासनगरात कितीतरी घरं नेमकी उलट दिशेने आली, सिंध मागे टाकून. त्या आजींना काय आठवलं असेल, ते मी ठाण्यात राहून ओळखायला हवं होतं. लेखात तो परिच्छेद आता वाढवला आहे.

पण मालिकेने कमलाची शक्ती बदलली आणि त्यात तिचा प्रश्नच हरवला, हे जे लिहिलं त्यातला शब्दही मागे घेणार नाही. का, ते एका प्रसंगावरून सांगते.

पुस्तकात कमला खान घरच्यांना न सांगता पार्टीला जाते, रस्त्यात धुक्यात सापडते आणि बाहेर येते ती सोनेरी केसांची, गोरी, तिच्या लाडक्या सुपरहिरोसारखी, कॅरल डॅनव्हर्ससारखी होऊन. तेच तर तिने मागितलेलं असतं. मग तिला टोचून बोलणारी झोई पाण्यात पडते आणि कमलाचा हात होडीएवढा होऊन तिला बाहेर काढतो. हात कमलाचाच, पण चेहरा आणि रंग दुसरीचा. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला जे व्हावंसं वाटत होतं ते ती झाली, आणि त्यात तिला सुख लागत नाही. शरीर ताणण्याची, बदलण्याची शक्ती लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांनी तिला उगाच दिलेली नाही. आपण असे का दिसतो, हा तिचा प्रश्न त्या शक्तीतच आहे.

मालिकेतही कमला झोईला वाचवते, तेही हात पुढे करूनच. पण तो हात उजेडाचा आहे, तिने हातात घातलेल्या जुन्या कड्यातून निघालेला. कमला आहे तशीच राहते, अंगावर तिनेच तयार केलेला पोशाख. तिला दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यात शिरावं लागत नाही, त्यामुळे त्यातून परत येण्याचाही प्रश्न उरत नाही.

माझी तेरा वर्षांची भाची सुट्टीत नौपाड्याला आमच्याकडे होती. जमिनीवर पालथी पडून हे पुस्तक वाचत होती. हाताच्या पानापाशी थांबली, तिथे बोट ठेवून मागे गेली, कमलाचा आधीचा चेहरा शोधला, पुन्हा पुढे आली. असं तीनदा. मग म्हणाली, “मावशी, ही तीच आहे ना अजून?” हे मागे-पुढे जाणं, दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत थांबणं कॉमिकमध्ये आपसूक होतं. मालिका तुम्हाला धरून पुढे नेते.

आता तुमच्याच मुद्द्यामुळे मला दिसलेली गोष्ट. ते कडं कमलाच्या पणजीचं, आयेशाचं. शक्ती कड्यात ठेवली म्हणूनच कथा १९४७ पर्यंत पोचू शकली. म्हणजे एका प्रश्नाच्या जागी दुसरा आला. मी काय गेलं तेवढंच मांडलं, काय आलं ते मांडलं नाही. तरीही मला गेलेला प्रश्न जास्त जवळचा वाटतो, कारण तो त्या मुलीचा स्वतःचा होता. दुसरा तिला वारशाने मिळाला.

बदल झाला की मी नाक मुरडते, असं मात्र नाही. ‘इन्व्हिन्सिबल’ हे दुसरं सुपरहिरो कॉमिक घ्या. नायकाचा बाप ऑम्नी-मॅन आपल्याच सोबत्यांना ठार मारतो, हे कॉमिकमध्ये सातव्या अंकात येतं. २०२१ च्या मालिकेत ते पहिल्या भागाच्या शेवटीच येतं. त्यानंतर बाप-लेकाचा साधा जेवणाचा प्रसंगही बघवत नाही, इतकी धास्ती बसते. मूळ लेखक रॉबर्ट कर्कमन मालिकेच्याही कामात आहेत, आणि हा बदल मला मूळ मांडणीपेक्षा उजवा वाटतो. तेही मी लिहिलं होतं, लेखाच्या शेवटाकडे.

किमतीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. मी वाढले ती इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर, गोखले रोडमागच्या रद्दीच्या दुकानातून आठवड्याला दोन अंक, तेही मराठीत. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. २०२३ साली स्पायडर-मॅनचा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आपल्याकडे दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. भाचीने त्यातल्या भारतीय स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, मराठीत बोलताना ऐकलं आणि खुर्चीत उडीच मारली. पण त्यानंतर ती दुकानात जाऊन मराठी कॉमिक मागते, तेव्हा तिच्या हातात ठेवायला माझ्याकडे नवं काही नसतं. याचं मला फार वाईट वाटतं आणि यावर मी वेगळं लिहिणार आहे.

तोवर एवढं करते. माझी प्रत तुम्हाला वाचायला देते. ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला याल तेव्हा आधी इथे कळवा, मी स्टेशनवर आणून देईन. परतीची घाई नाही. आजींना चित्रं बघायला आवडत असतील तर त्यांनाही दाखवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला नक्की सांगा.