रेट कमी करून किती दिवस काढणार?

लहान कारखानदाराकडे एक्स्पोर्टचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं, 'आपला रेटच बसत नाही हो'. अरे पण रेटवर भिडायचंच कशाला? समोरचा लाखालाखाचे लॉट काढतो, त्याच्यापुढे कोटेशनमध्ये कितीही काटछाट करा, शेवटी आपलाच जीव जातो. माझं मत विचाराल तर मोठ्यांना जे जमत नाही किंवा ज्यात हात घालायचा त्यांना कंटाळा येतो ते काम धरावं.

जपानच्या तेरुमो कंपनीला इन्सुलिनसाठी अशी सुई हवी होती की टोचलेली जवळजवळ कळू नये. टोकाला फक्त ०.२ मिमी, पण मागे जाड, नाहीतर औषध आत ढकलायलाच जड जातं. नेहमीच्या पद्धतीने नळी ओढून बारीक करत गेलं तर असा निमुळता आकार येत नाही. ओकानो कोग्यो नावाच्या मोजक्या माणसांच्या वर्कशॉपने काय केलं, तर पातळ पत्रा घेतला आणि प्रेसवर गुंडाळून त्याचीच सुई केली. २००५ मध्ये ती बाजारात आली. म्हणजे पत्रा तोच, प्रेस तोच, फक्त डाय, म्हणजे प्रेसमधला आकार देणारा साचा, बनवणाऱ्याचं डोकं वेगळं चाललं. आणि आपल्याकडे इनोव्हेशन म्हटलं की लगेच रोबोट नाहीतर ॲप!

दुसरं म्हणजे सेटिंगचा वेळ, एक काम संपवून मशीन पुढच्या कामाला लावायचा, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला ४ तास लागायचे, जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते आधी ९० मिनिटांवर आणि मग ३ मिनिटांवर आणले. युक्ती काय, तर मशीन चालू असतानाच जी तयारी होऊ शकते ती आधीच उरकायची, मशीन बंद ठेवून पाने शोधत फिरायचं नाही 😄 हे जमलं की बाहेरचा बायर पाच प्रकारचे दोनदोनशे नग मागतो तेव्हा पोटात गोळा येत नाही, आणि अशा फुटकळ ऑर्डरी मोठ्यांना नकोच असतात.

आता एक गोष्ट, जी लोकांना फार उशिरा कळते. नवीन काही जमलं की आपण हौसेने प्रदर्शनात मांडतो, व्हिडिओ टाकतो, आणि पेटंटचं नंतर बघू म्हणतो. युरोपात अर्जाआधी वस्तू जाहीर झाली की ती 'नवीन' राहतच नाही, अपवाद अगदी थोडे, आणि पेटंट हातचं जातं. शिवाय पेटंट देशागणिक वेगळं, म्हणून माल कुठे विकायचाय ते आधी ठरवा, अर्ज टाका आणि मग खुशाल स्टॉल लावा.